माफी एकवीस वेळा

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. मी २७ वर्षांचा आहे. उद्यमनगरात वडिलांचं छोटं मशिनशॉप आहे, मी व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशिन, चालवतो. आमच्या घरात सगळेच अंबाबाईचे भक्त. लहानपणापासून दर शुक्रवारी आईबरोबर देवळात जातो. पण गेल्या सव्वा वर्षापासून रांगेत उभा राहिलो की मनात देवीबद्दल इतके घाणेरडे शब्द येतात, की ते लिहायला हात धजत नाही. कधी शब्द, कधी चित्रं. मी मुद्दाम आणत नाही. जेवढं दाबतो तेवढं जास्त येतं. मग मनातल्या मनात 'आई, चुकलो, माफ कर' असं २१ वेळा म्हणतो. मधे कुणी हाक मारली किंवा पुन्हा विचार आला, की पहिल्यापासून. मागच्या शुक्रवारी दर्शन घेऊन बिनखांबी गणपतीपर्यंत आलो आणि तिथनं चार वेळा परत गेलो. चौथ्यांदा रांगेजवळच्या सेवेकऱ्यानं ओळखलं, म्हणाला, 'भावा, काय हरवलंय काय?'

कामावर मशिनला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावताना विचार आला तर त्या जॉबला दोष लागला असं वाटतं, काढून पुन्हा लावतो. वडील ओरडतात. आईला शुगर आहे, माफी अर्धी राहिली तर तिला काहीतरी होईल अशी भीती वाटते. तिला दिवसातनं दहा-दहा वेळा विचारतो, 'असा विचार आला तर पाप लागतं काय गं?' ती बिचारी दर वेळी 'नाही रे बाळा' म्हणते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो. एका गुरुजींनी पोथीचा सप्ताह करायला सांगितला, तो तिसऱ्या दिवशी सुटला, कारण एकेक ओवी दहादा वाचूनही नीट वाचली असं वाटेना. पाहुण्यांनी देवरुष्याकडं नेलं. तो म्हणाला, करणी आहे, अकरा हजार लागतील. आता नवीनच सुरू झालंय : देव आहे का? मी नास्तिक झालो काय? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर हेच शोधत बसतो.

हे विचार माझेच आहेत काय? मला पाप लागलंय काय? करणी असेल काय? देवळात जायचं बंद करू काय? घरी लग्नाचं बघतायत. कृपया स्पष्ट उत्तर द्या.
– अ. पा., कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र सहा पानांचं होतं. जागेसाठी मी ते आवरतं घेतलंय, एवढं समजून घ्या. त्या सहा पानांत 'माफ करा' हे शब्द १७ वेळा आलेत, आणि त्यातले पाच माझ्यासाठी आहेत, असलं वाचायला लावलं म्हणून. माझ्याकडे माफी मागायची काही गरज नाही. २८ वर्षं या शहरात मानसोपचार करते आहे. तुमच्यासारखी माणसं मला दर महिन्याला भेटतात. शुक्रवारच्या रांगेत तुमच्या पुढेमागे उभ्या असलेल्यांतही एखादं असेल.

तुमच्या चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं सरळ देते. 'मला पाप लागलंय काय' या एकाचं मात्र देणार नाही. राग येईल तुम्हाला. तरी शेवटपर्यंत वाचा, का देत नाही ते सांगणार आहे.

तुम्हाला जे झालंय त्याला मराठीत फार जुना शब्द आहे : मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. जुन्या लोकांची समजूत अशी होती, की मंत्र म्हणताना चुकला, अनुष्ठान अर्धवट सुटलं, की माणूस चळतो. कारण त्यांनी चुकीचं लावलं, पण पाहिलेलं बरोबर होतं. 'पुरं झालं का, नीट झालं का' या संशयात माणूस कसा अडकून पडतो, हे त्यांना ठाऊक होतं.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो माझ्या आत्याबद्दल. १९७४-७५ चा सुमार, मी आठ-नऊ वर्षांची. इथेच कोल्हापुरात, शनिवार पेठेत आमचा वाडा होता. आत्या तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लावायची. काडी ओढताना मनात काही वेडंवाकडं आलं, की निरांजन शांत करायची, वात बदलायची, पुन्हा तूप, पुन्हा काडी. एकदा मी पाटाखालच्या जळक्या काड्या मोजल्या होत्या, ३१ भरल्या. तिच्या उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला कायम काळं लागलेलं असायचं, चिंचेने घासलं तरी जायचं नाही. दिवा लागल्याशिवाय पानं वाढायची नाहीत, म्हणून आम्ही पोरं भुकेली बसून राहायचो. आतनं कुणीतरी म्हणायचं, 'मंत्रचळ लागलाय तिला,' आणि विषय तिथेच संपायचा. तिला कुणी कधी डॉक्टरकडे नेलं नाही. ती तशीच गेली.

मी डॉक्टर झाल्यावर वाचलं, की व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी या आजारावर एक नवी उपचारपद्धत लंडनमध्ये वापरून १९६६ मध्ये ती प्रसिद्धही केली होती. त्यांच्या पहिल्या दोन रुग्णांपैकी एक बाई तुमच्यासारखीच, देवाबद्दलच्या अभद्र विचारांनी छळलेली होती. म्हणजे आत्याची बोटं काळी होत होती तेव्हा उपाय जगात होता, शनिवार पेठेपर्यंत पोचला नव्हता. हे मला अजूनही बोचतं. तुमच्यापर्यंत तो पोचू शकतो, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

आता पहिला प्रश्न, विचार माझेच काय? ते तुमच्या डोक्यात आले हे खरं. पण तुम्हाला हवे म्हणून आले नाहीत, आणि तुमच्या स्वभावाबद्दल ते काहीही सांगत नाहीत. १९७८ मध्ये रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कसलाही मानसिक आजार नसलेल्या माणसांकडे चौकशी केली : नको असलेले, शिसारी आणणारे विचार तुमच्या मनात आपोआप येतात का? दहातल्या आठ जणांनी हो म्हटलं. म्हणजे असा विचार येणं ही सर्वसाधारण गोष्ट. फरक पुढे पडतो. बाकीचे लोक 'काय पण येतं डोक्यात' म्हणतात आणि रांगेत पुढे सरकतात. तुम्ही त्या विचाराला अपराध समजता आणि तिथेच त्याच्याशी झोंबी घेता. लहानपणी वैद्याची गोष्ट ऐकली असेल. औषध गुणकारी आहे, फक्त घेताना माकड आठवायचं नाही. त्या रोग्याला जन्मात कधी माकड आठवलं नव्हतं, त्या दिवसापासून पेल्यात माकडच दिसायला लागलं. दाबलं की उसळतं, ते याच कारणाने.

देवीबद्दलच का येतात, असंही तुम्ही लिहिलंय. ज्याच्यावर जीव असतो तिथेच हा आजार येऊन बसतो. बाळंतिणीला स्वतःच्या तान्ह्या बाळाला इजा करण्याचे विचार येतात आणि ती सुरी-विळी माळ्यावर टाकून देते. ज्याला देवीचं काहीच वाटत नाही त्याला असा विचार आला तर २१ माफ्या मागाव्या लागत नाहीत. हे वाक्य मात्र एकदाच वाचा. रोज मासिक काढून वाचायला लागलात तर याचीही एकविशी होईल.

तुम्ही मापाच्या धंद्यातले, म्हणून त्यातलंच सांगते. जॉब मायक्रोमीटरने मोजला, २५.०२ आला, मापात आहे. शंका आली म्हणून पुन्हा मोजला. परत एकदा. दहाव्या वेळी माप तेच, पण खात्री पहिल्यापेक्षा कमी झालेली असते. रॅचेट जास्त फिरवला का? जॉब गरम होता का? शून्य बरोबर होतं का? २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी निरोगी माणसांना कॉम्प्युटरवरच्या शेगड्या बंद आहेत की नाहीत हे पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. त्यांची आठवण बिघडली नाही, आठवणीवरचा भरवसा मात्र पार ढासळला. तुमची माफी तशीच आहे. पहिली मनापासून निघते. एकविसाव्यापर्यंत शब्दांत काही उरलेलं नसतं, मग 'मनापासून मागितली का?' हा नवा संशय उभा राहतो, आणि पुन्हा एकपासून.

आता मी 'पाप'च्या प्रश्नाला उत्तर का देत नाही, ते. त्यासाठी माझी एक चूक सांगावी लागेल. १९९९ च्या आसपास मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी माझ्याकडे यायचे (ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत). जैन, साठीचे, अतिशय सज्जन. रात्री घरी चालत जाताना पायाखाली किडा आला आणि मेला, असा त्यांना संशय यायचा. बॅटरी घेऊन मागे जायचे, वाकून फरशी बघायचे. काही दिसायचं नाही. मग, वाऱ्याने उडून गेला असेल. पुन्हा मागे. त्यांनी मला विचारलं, आणि मी म्हटलं, 'काका, नाही मेला.' त्यांचा चेहरा असा काही सुटला, की मला वाटलं, आपण किती चांगलं काम केलं. दुसऱ्या दिवशी फोन आला. मग दिवसाला दोन, मग आठ. रात्री अकराला घरचा लँडलाइन वाजायचा आणि मी खरकट्या हाताने रिसिव्हर धरून म्हणायची, 'नाही मेला काका, झोपा आता.' चार महिने हे चाललं. चार महिन्यांनी ते आधीपेक्षा वाईट अवस्थेत होते, कारण आता त्यांना फरशीही बघावी लागत होती आणि माझा फोनही. धीर देण्याच्या नावाखाली मी आजाराला खायला घालत होते.

मग त्यांना समोर बसवलं आणि हे असंच्या असं सांगितलं. त्यापुढे फोन आला की माझं एकच वाक्य : 'काका, मेला असेल किंवा नसेल. मला माहीत नाही, तुम्हालाही कधी कळणार नाही. झोपा.' पहिल्या आठवड्यात त्यांचा मुलगा दवाखान्यात येऊन भांडून गेला, बापाला छळताय म्हणाला. मला रात्र-रात्र झोप लागत नव्हती. तीन महिन्यांनी फोन आठवड्याला एक झाला. नंतर एकदा ते स्वतःच आले, बॅटरी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, 'ही आता फक्त लाइट गेल्यावर काढतो.'

तुम्हाला मी 'पाप लागलेलं नाही' असं लिहिलं, तर दोन दिवस बरं वाटेल. तिसऱ्या दिवशी मनात येईल, मॅडमना मी ते एक चित्र सांगितलंच नव्हतं. चौथ्या दिवशी, मॅडम डॉक्टर आहेत, त्यांना शास्त्रातलं काय कळतं? मी सांगेन की आपले संत विठोबाशी कडाकडा भांडले, त्याला तोंडावर शिव्या दिल्या, आणि ते अभंग आपण आजही टाळ वाजवून म्हणतो. ते खरंच आहे. पण पाचव्या दिवशी तुम्ही म्हणाल, ते संत होते, मी कोण? तुमच्या आईने सव्वा वर्षात 'नाही रे बाळा' किती वेळा म्हटलं असेल, हिशोब करा. दिवसाला दहा धरले तरी साडेचार हजार होतात. साडेचार हजार उत्तरांनी जे झालं नाही ते माझ्या एका उत्तराने होणार नाही. त्या प्रश्नाला 'असेल, नसेल' म्हणून तसंच सोडून कामाला लागणं, हाच त्यावरचा उपचार आहे.

म्हणायला सोपं आहे, करायला अवघड. म्हणून हे शिकलेल्या माणसाबरोबर करा. मेयर यांची ती पद्धत अशी, की ज्याने भीती येते त्याच्यासमोर थांबायचं, आणि भीती उतरवण्यासाठी जे करायची सवय लागली आहे ते करायचं नाही. तुम्ही माझ्याकडे असतात तर पहिल्या दिवशी मी तुम्हाला देवळात पाठवलं नसतं. वर्कशॉपमध्ये देवीचं कॅलेंडर असेलच. त्याच्यासमोर दहा मिनिटं उभं राहायचं. विचार आणायचा नाही, घालवायचाही नाही, आला तर येऊ द्यायचा. आणि माफी मागायची नाही. ते जमलं की माफीचा आकडा बिघडवायचा. एखादे वेळी तोंडातनं निघालीच तर १९ वर थांबायचं, मुद्दाम, अर्धवट. पोटात गोळा येईल, आईचा चेहरा डोळ्यांसमोर येईल, हाताला घाम सुटेल. तशाच हाताने पुढचा जॉब लावायचा आणि तो काढून पुन्हा लावायचा नाही. पुष्कळांना अर्ध्या-पाऊण तासात भीती आपली आपण ओसरताना दिसते. एखाद्या दिवशी ओसरत नाही, म्हणून तो दिवस वाया गेला असं समजू नका. भीती अंगात असतानाही हात काम करतात, हे त्या दिवशी कळतं.

कुणी तुम्हाला देवीची निंदा करायला लावणार नाही, ही भीती मनातनं काढा. देवळात कुठलाही साधा भक्त जेवढं करतो तेवढंच करायचं असतं. शास्त्राची अडचण वाटत असेल तर मी पेशंटला महाद्वार रोडवरच्या एका जाणत्या गुरुजींकडे पाठवते. एकदाच. दुसऱ्यांदा गेला तर ते दारातनंच परत पाठवतात, असं आमचं ठरलेलं आहे.

म्हणून देवळात जायचं बंद करू नका. बंद केलंत तर आधी देऊळ सुटेल, मग महाद्वार रोड सुटेल, मग घरातला देव्हारा. पूर्वीसारखं दर शुक्रवारी आईबरोबर जा, एकदाच जा. दर्शन घ्या, नेहमीच्या दारानं बाहेर पडा. बिनखांबी गणपतीपाशी पाय मागे वळतील, ते मी आत्ताच सांगून ठेवते. तिथे थांबू नका. विचार डोक्यात असेल, माफी राहिलेली असेल, तशीच घेऊन घरी जा.

करणीबद्दल : ही करणी नाही. ते अकरा हजार द्यायचे नाहीत. आणि भूत उतरवतो म्हणून कुणी अंगाला हात लावला, मारहाण केली, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, पाहुण्यांनाही सांगा. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो, बहुतेकांना ऐन तरुणपणात. मेंदूत धोक्याची सूचना देणारी जी यंत्रणा आहे ती नको तेव्हा चालू होते आणि बंद व्हायला तयार होत नाही. तुमच्या मशिनचा लिमिट स्विच अडकला की टेबल मोकळं असूनही अलार्म वाजत राहतो, तसं. तेव्हा तुम्ही सगळं मशिन वाईट आहे असं म्हणत नाही.

औषधाची गरज तुम्हाला बहुधा लागेल, कारण रोजचं काम आणि झोप दोन्ही मोडलंय. फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्झामिन अशी औषधं यात वापरतात. उदासीनतेत (डिप्रेशनमध्ये) देतात त्यापेक्षा बऱ्याचदा मात्रा जास्त लागते, आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. लोक तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडतात, तिथेच घोटाळा होतो. सुरुवातीला मळमळ, थोडी अस्वस्थता असू शकते. यांची सवय लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करायची नाहीत. बरं झाल्यावरही वर्षभर तरी चालू ठेवावी लागतात. कुठलं आणि किती, ते तपासणारे डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाला नव्हे आणि हे पत्रही नव्हे. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे जा. जाताना हे पत्र घेऊन जा, तोंडाने सांगणं जड जातं. आणि मधल्या काळात जीव नकोसा झाला, स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरच्या एका माणसालाही लगेच उठवा.

'देव आहे का' या प्रश्नावर मी थोडं थांबते, कारण तुम्ही त्याला सगळ्यात जास्त घाबरला आहात. हा प्रश्न पडणं वाईट नाही. माझ्या वडिलांना तो आयुष्यभर पडला होता. ते पंचगंगेच्या घाटावर मित्रांशी त्यावर तासन्‌तास वाद घालायचे, हसायचे, घरी येऊन आमटी-भात खाऊन गाढ झोपायचे. वर्ष-वर्ष तो प्रश्न तसाच राहायचा आणि त्यांचं काही अडायचं नाही. तुमचा प्रश्न तसा नाही. त्याला आज रात्री दोनच्या आत उत्तर हवं असतं, शंभर टक्के पक्कं, आणि मिळालं की लगेच दुसरं. मोबाइलवर तुम्ही वाचत नसता, माफीच मागत असता, फक्त वेगळ्या प्रकारे. म्हणून साडेदहाला मोबाइल वडिलांच्या खोलीत ठेवा. आजार आटोक्यात आल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षाने, तुम्हाला खरंच वाटलं की देव नाही, तर तसं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. आहे असं वाटलं तरीही. तो निर्णय तुमचा असेल. आत्ता जे चाललंय त्यात तुम्ही निर्णय घेतच नाही आहात, फरफटत चालला आहात.

लग्न सहा-आठ महिने पुढे ढकला आणि मग करा. मुलीला आधी सांगा, साध्या शब्दांत, उपचार चालू आहेत हेही सांगा. लपवून केलेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि मग त्या सुटतात.

आणि हा भाग तुमच्या आईला वाचून दाखवा. ताई, तुमचं काही चुकलं नाही. लेकरू विचारतंय, तर कुठली आई 'नाही रे बाळा' म्हणणार नाही? पण आता दोघांनी मिळून ठरवा आणि एक वाक्य पाठ करा : 'हे तुझा मंत्रचळ विचारतोय, त्याला मी उत्तर देणार नाही. चल, चहा टाकते.' रागाने म्हणू नका, आणि 'एकदाच सांग' म्हणाला तरी सांगू नका. पहिले काही दिवस तो तुम्हाला दगडाच्या काळजाची म्हणेल. तुम्हाला रडू येईल. चहा टाकत राहा. तुमच्या शुगरचं काय ते तुमचे डॉक्टर बघतील, त्याच्या माफीचा तिच्याशी काही संबंध नाही, हे त्याला एकदाच सांगून टाका.

प्रश्न : माझे पती ४५ वर्षांचे, शिक्षक आहेत. पहाटे नमाजाआधी वुजू करताना कोपर कोरडं राहिलं असं वाटून पुन्हा पुन्हा धुतात. पाऊण तास नळ चालू असतो, हात सोलवटलेत. मला दारात उभं करून 'बघ, भिजलं का?' विचारतात. कधीकधी तेवढ्यात नमाजाची वेळ निघून जाते, मग रडतात. मी काय करू?
– स. मु., इचलकरंजी

उत्तर : वरचं सगळं उत्तर तुम्हालाही लागू आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. तुमच्याकडे याला वसवसा म्हणतात, आणि त्यावरचा सल्लाही तुमच्याच परंपरेत आहे. एक अवयव तीनदा धुण्यापर्यंत ठीक, त्यापुढे धुणं नापसंत, आणि नुसत्या शंकेने खात्री मोडत नाही, असा नियम आहे. मौलानांकडून हे त्यांना एकदा, तुमच्या समोर, सांगून घ्या. मौलानांना आधीच विनंती करा, की दुसऱ्यांदा विचारायला आले तर उत्तर देऊ नका. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सोलवटलेले हात दाखवायला न्या म्हटलं तर ते तयार होतील.

तुम्ही दारात उभं राहायचं थांबा. 'भिजलं' म्हणू नका, 'नाही भिजलं' तर नकोच. उद्यापासून नळाऐवजी तोटीचा एक तांब्या भरून ठेवा. तेवढ्या पाण्यात वुजू होतं. तांब्या रिकामा झाला की झालं, कोपराबद्दल काहीही वाटत असो. पहिल्या दिवशी जमणार नाही, ते दुसरा तांब्या मागतील. पहिल्या आठवड्यात दोन, पुढच्या आठवड्यात दीड, असं उतरवत चला. चिडतील, चिडू द्या. दोन महिन्यांनी मला कळवा, किती तांब्यांवर आलेत ते.